बाबांचा याशिका, माझी तेलाची बाटली आणि नंबर न देण्याची गोष्ट

(या आठवड्याच्या भागाचा मजकूर. बोलताना झालेली थोडी 'अं', 'म्हणजे' काढून टाकलीत, बाकी जसंच्या तसं.)

 

मागच्या भागात मी बोलता बोलता सांगून गेलो, की बाबांचा जुना ट्विन लेन्स कॅमेरा पुन्हा चालू झालाय. बस. तेव्हापासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न. "दादा, कुठे दुरुस्त केलास? नंबर दे ना." कुणाच्या आजोबांचा रोलायकॉर्ड कपाटात आहे, कुणी जुन्या बाजारातून लुबिटेल उचललाय, एका ताईंनी तर सीगलचा फोटोच पाठवला आणि खाली लिहिलं, "हँडल फिरत नाहीये, जोर लावू का?" ताई, नका लावू. कृपा करून नका लावू.

तर आधीच सांगतो. नंबर मी देणार नाहीये. का, ते शेवटी सांगतो, आणि रागावू नका. पण मी दोन चुका करून, एक अख्खा रोल वाया घालवून जे शिकलो, ते सगळं देतो. माझं मत आता असं झालंय, की असे कॅमेरे दुरुस्त करणारा माणूस शोधायच्या आधी आपल्या कॅमेऱ्याला नेमकं काय झालंय ते आपल्याला सांगता यायला हवं. ते आलं, की माणूस सापडणं सोपं होतं. आणि सापडलेला माणूस आपल्याशी नीट बोलतो.

ज्यांनी हा प्रकार कधी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. ट्विन लेन्स म्हणजे एकावर एक दोन लेन्स असलेला चौकोनी डबा. वरची लेन्स तुम्हाला बघायला, खालची फोटो काढायला. वरच्या लेन्समागे तिरका आरसा असतो, तो चित्र वर काचेवर फेकतो. म्हणून कॅमेरा डोळ्याला लावायचा नाही, पोटाशी धरायचा आणि वरून खाली बघायचं. चित्र सरळ दिसतं, पण डावं-उजवं उलटं. माणूस डावीकडे सरकला की काचेवर तो उजवीकडे जातो. १९२९ साली जर्मनीत ब्राऊनश्वाइगला रोलायफ्लेक्स निघाला आणि पुढे जगभर त्याच्या धर्तीवर कॅमेरे झाले. आत जातो १२० चा रोल. एका रोलमध्ये बारा फोटो, सहा बाय सहा सेंटिमीटरचे, चौकोनी. बारा! आपण हल्ली एका वडापावचे बारा काढतो.

आमच्या घरातला कॅमेरा आहे याशिका-मॅट १२४ जी. जपानी. १९७० पासून १९८६ पर्यंत हे मॉडेल बनत होतं. १२४ मधले १२ आणि २४ म्हणजे यात बारा फोटोंचा रोलही चालायचा आणि चोवीस फोटोंचा लांब रोलही. बाबांचा कऱ्हाडला स्टुडिओ होता. १९८४ साली त्यांनी हा कॅमेरा मुंबईहून सेकंडहँड आणला. तालुक्यातली निम्मी लग्नं या डब्यातून गेलीत असं ते म्हणतात, आणि मला ते खरं वाटतं, कारण अजून गावी गेलो की कुणीतरी काका थांबवून सांगतात, "तुझ्या बाबांनी आमच्या लग्नाचे फोटो काढलेत."

डिजिटल आलं, स्टुडिओ बंद झाला, बाबा-आई माझ्याकडे पुण्याला आले. कॅमेरा लोखंडी कपाटात, साड्यांच्या खालच्या कप्प्यात. जवळजवळ अठरा वर्षं. आणि एक गोष्ट मला खूप उशिरा लक्षात आली. आमच्या घरात आईचा एकही धड फोटो नाही. लग्नातला एक आहे, तो दुसऱ्या स्टुडिओवाल्याने काढलेला. बाकी सगळीकडे ती कोपऱ्यात, अर्धी, नाहीतर पाठमोरी. कारण बाबा फोटो काढायचे तेव्हा ती डार्करूममध्ये प्रिंट धूत असायची.

मी बाबांना म्हटलं, "हा चालू करू. तुम्ही आईचा फोटो काढा." बाबा म्हणाले, "आता कोण करणार हे?" आणि पेपर वाचायला लागले.

आता माझी पहिली चूक ऐका.

मी कॅमेरा बाहेर काढला. हँडल फिरवलं. याशिका-मॅटमध्ये हँडल फिरवलं की फिल्म पुढे जाते आणि शटरही चढतं, एकाच वेळी. बटण दाबलं. १/१२५ वर मस्त 'टिक'. एक सेकंदावर ठेवलं आणि दाबलं, तर शटर उघडलं आणि... उघडंच. तीन-चार सेकंदांनी सुस्कारा टाकल्यासारखं बंद झालं. मी एक व्हिडिओ बघितला. व्हिडिओतला माणूस म्हणाला, सुकलंय, थेंबभर तेल द्या. आईच्या शिलाई मशीनचं तेल घरात होतंच.

दिलं थेंबभर. दहा मिनिटं अप्रतिम चाललं. दुसऱ्या दिवशी शटर उघडेनाच.

काय झालं ते मला नंतर कळलं, तुम्हाला आत्ताच सांगतो. शटरची पाती कागदासारखी पातळ असतात आणि ती कोरडीच चालायला हवीत. त्यांच्यात तेल गेलं की दोन ओल्या काचा जशा एकमेकींना चिकटतात तशी ती चिकटतात. आणि मुळात बिघाड पात्यांमध्ये नव्हताच. हळू स्पीडसाठी आत घड्याळासारखी छोटी दातेरी चक्रं असतात. ती पात्यांना ठरावीक वेळ थोपवून धरतात. त्यांच्यावरचं जुनं ग्रीस चिकट झालं की एका सेकंदाचे तीन सेकंद होतात. म्हणजे उपाय होता ती चक्रं धुऊन काढणं. मी ग्रीसवर तेल ओतलं. तेव्हा मंडळी, तेल नाही. स्प्रे तर अजिबात नाही. दाराच्या कडीला जे मारतो ते कॅमेऱ्यात मारायचं नाही.

दुसरी चूक म्हणजे घाई. मी एका दुकानात गेलो. नाव घेत नाही, कारण त्यांनी मला फसवलं असं मला म्हणायचं नाही. त्यांचं रोजचं काम डिजिटलचं. त्यांनी विचारलं, "काय प्रॉब्लेम आहे?" मी म्हटलं, "सर्व्हिसिंग करून द्या." बस, एवढंच. कॅमेरा चार महिने तिथे होता. परत आला तेव्हा शटर चालत होतं, लेन्स चकाचक. मी खूश. पैसे दिले, रोल भरला. ब्लॅक अँड व्हाइट, नऊशे रुपयांना पडला. बारा फोटो काढले. एकेका फोटोला पाच-पाच मिनिटं लावून.

रोल धुऊन आला. बाबांनी निगेटिव्ह खिडकीसमोर धरली. एक शब्द न बोलता बाराही फोटो बघितले. मग म्हणाले, "फोकस मागे गेलाय. सगळ्यांत. माणूस मऊ आहे आणि मागची भिंत बघ, विटा मोजता येतील."

मी म्हटलं, "माझं चुकलं असेल."

"बाराच्या बारा वेळा एकाच बाजूला चुकत नसतं कुणी. हा कॅमेऱ्याचा दोष आहे."

किती दिवसांनी बाबांनी या विषयावर तोंड उघडलं होतं! आणि मग ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि बटर पेपर मागून घेऊन आले.

ही चाचणी नीट ऐका, कारण ती तुम्ही आज रात्री घरी करू शकता, फुकट. कॅमेऱ्यात रोल नसताना मागचं दार उघडायचं. जिथे फिल्म सपाट बसते त्या दोन पट्ट्यांवर बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवायचा. अगदी सपाट, पोक यायला नको. कॅमेरा ट्रायपॉडवर, नाहीतर पुस्तकांच्या ढिगावर ठेवायचा. अपर्चर पूर्ण उघडं, याशिकाचं ३.५. शटर 'बी'वर ठेवून केबल रिलीजने उघडं ठेवायचं. खोलीत अंधार आणि समोर काही अंतरावर ठळक कडा असलेलं काहीतरी, उदाहरणार्थ समोरच्या इमारतीतला ट्यूबलाइट. आता वरच्या काचेवर फोकस करायचा आणि मग मागच्या कागदावर भिंगाने बघायचं. वर लख्ख आणि खाली पुसट असेल, तर दोन लेन्स एकमेकींशी बोलत नाहीयेत.

आमच्या बोलत नव्हत्या. या कॅमेऱ्यात वरची लेन्स आट्यांवर बसवलेली असते. ती थोडी आतबाहेर फिरवून खालच्या लेन्सशी जुळवतात आणि बारीक स्क्रूने पक्की करतात. वरच्या लेन्समागची बुरशी पुसायला ती काढली असणार, आणि परत लावताना जुळवणं राहून गेलं. पुसायचं काम उत्तम, फक्त नंतरचा अर्धा तास द्यायचा राहिला. आणि मी तरी काय सांगितलं होतं? "सर्व्हिसिंग करून द्या."

त्या रात्री माझ्या डोक्यात आलं, फोकस बाबांच्या बटर पेपरने कळला, मग शटर माझ्या फोनने का कळू नये?

तर दुसरी चाचणी, खास तुमच्यासाठी. फोनमध्ये स्लो मोशन असतं ना, २४० फ्रेमचं? कॅमेऱ्याचं मागचं दार उघडं, लेन्स खिडकीकडे, अपर्चर पूर्ण उघडं. फोन मागून आत बघेल असा ठेवायचा. रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि शटर मारायचं. मग एडिटिंग ॲपमध्ये एकेक फ्रेम पुढे करत उजेड किती फ्रेममध्ये दिसतो ते मोजायचं. एक सेकंद असेल तर २४० फ्रेम. अर्धा सेकंद, १२०. १/४ ला ६०, १/८ ला ३०, १/१५ ला १६, १/३० ला ८. त्याच्या पुढे फ्रेम इतक्या कमी उरतात की फोनवर फार विश्वास ठेवू नका. पण बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांचं दुखणं हळू स्पीडलाच असतं, आणि ते यात स्वच्छ दिसतं. प्रत्येक स्पीड तीनदा तपासा. तिन्ही वेळा सारखाच चुकला तर एक गोष्ट, दरवेळी वेगळा आला तर दुसरी. दोन्ही लिहून ठेवा.

आणखी तीन गोष्टी बघायच्या. एक, लेन्समधून टॉर्च मारून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. मुंबई-कोकणात ठेवलेल्या कॅमेऱ्यात ती असणारच असं धरून चाला. लवकर पुसली तर निघते. काचेवरचा थर खाल्ला असेल तर डाग राहतो. दोन, फोकसचं चाक. जड फिरतंय का, मध्येच अडकतंय का. तीन, आतला आरसा. तो पुढच्या पृष्ठभागावर चांदी असलेला असतो, घरातल्या आरशासारखा काचेच्या मागून नाही. शर्टाच्या टोकाने पुसलात तर चांदीच निघून येईल. हात लावू नका, फक्त बघा आणि लिहा.

आणि लाइट मीटर? तो चालत नसेल तर सोडून द्या. १२४ जीचा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालायचा, आणि त्या पाऱ्यामुळे बंद झाल्या. आजची १.५ व्होल्टची घातली तर आकडा चुकीचा दाखवतो. फोनवर लाइट मीटरचं ॲप टाका, काम होतं. कॅमेऱ्याचं शटर पूर्ण यांत्रिक आहे, त्याला बॅटरी लागतच नाही.

आता माणूस कसा सापडला.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर विसरा. याशिका १९८३ मध्ये क्योसेराकडे गेली आणि क्योसेराने २००५ मध्ये कॅमेरे बनवणंच थांबवलं. रोलायफ्लेक्सचा ब्राऊनश्वाइगचा कारखाना २००९ मध्ये दिवाळखोरीत गेला. परदेशात काही नामांकित कारागीर आहेत, पण कॅमेरा तिकडे पाठवणं आणि दुरुस्त होऊन परत आणणं, त्यातला कुरियरचा खर्च आणि कस्टम्सच्या कागदांचा व्याप, हे आपल्या याशिकाच्या किमतीत बसत नाही.

मी फोर्टला गेलो होतो, बोरा बाजारात. कॅमेऱ्याची दुकानं म्हटलं की आपले पाय तिकडेच वळतात. चार दुकानांत विचारलं. तीन ठिकाणी मान हलली, चौथ्या ठिकाणी म्हणाले, "ठेवून जा, बघू." 'बघू' हा शब्द मी आधी एकदा चार महिने ऐकला होता. घेतला कॅमेरा आणि आलो परत.

बाबांना सांगितलं. बाबांनी कपाटातून त्यांची जुनी टेलिफोन डायरी काढली. लाल रेक्झिनची. त्यात सांगली, इस्लामपूर, सातारा, फलटण, सगळ्या स्टुडिओवाल्यांचे नंबर. लँडलाइनचे! मी हसलो. बाबा म्हणाले, "हसू नकोस. लग्नसराईत कॅमेरा बंद पडला तर आम्ही काय करत होतो असं तुला वाटतं? पूजा घालत होतो?"

मुद्दा बिनतोड होता. हे कॅमेरे ज्यांच्या पोटापाण्याचे होते, त्यांना ते दुरुस्त करून घेणं भागच होतं. म्हणजे कोण करायचं हे त्यांना माहीत असणारच.

अकरा नंबर लावले. आठ मेलेले. एकावर नातू बोलला, एकावर चुकीचं घर. इस्लामपूरचे एक काका मात्र सापडले. बाबांशी अर्धा तास बोलले, त्यातली पंचवीस मिनिटं गुडघेदुखीवर. मग म्हणाले, "अरे, आपले सगळे कॅमेरे बोरा बाजारात जो बसायचा त्याच्याकडे जायचे. तो गेला बिचारा. पण त्याच्या हाताखाली एक पोरगा होता, तो अजून करतो म्हणे. डोंबिवलीला, घरीच." आणि मोबाइल नंबर दिला.

तो 'पोरगा' ७१ वर्षांचा आहे.

बघा, दुकान नाही, बोर्ड नाही, म्हणून मॅपवर नाही. मी सहा महिने फोनवर शोधत होतो तो माणूस बाबांच्या डायरीपासून दोन फोनांच्या अंतरावर होता.

मी फोन केला. त्यांनी पहिलंच विचारलं, "काय झालंय?" या वेळी माझ्याकडे कागद होता. मी वाचून दाखवला. एक सेकंदाचे दीड-पावणेदोन, दरवेळी वेगळे. १/८ पर्यंत तीच गत. १/३० ठीक. फोकस मागे जातो, बटर पेपरवर बघितलं. चाक थोडं जड. खालच्या लेन्सला बुरशी नाही. मीटर बंद, नको आहे.

पलीकडे शांतता. मग म्हणाले, "हे तू केलंस तपासून?"

"मी आणि बाबांनी."

"गुरुवारी ये. कुरियर करू नको, हातात घेऊन ये."

सिंहगड एक्सप्रेसने कल्याण, तिथून लोकल. जुन्या इमारतीत दुसरा मजला. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ टेबल, त्यावर पांढरं कापड, टेबल लॅम्प, फिल्मच्या रिकाम्या डब्यांमध्ये स्क्रू. त्यांनी कॅमेरा घेतला, कानाशी धरला, एकदा शटर मारलं.

"तेल कुणी घातलं?"

मंडळी, एका आवाजात ओळखलं! तेल घातल्याला आठ महिने झाले होते, मध्ये ते एकदा पुसूनही झालं होतं. मी म्हटलं, "मी."

"खरं बोललास ते बरं झालं. बाकी सगळे सांगतात, आमच्याकडे आला तेव्हापासून असाच आहे."

त्यांनी सहा आठवडे घेतले आणि साडेतीन हजार रुपये. तुमचा कॅमेरा वेगळा, दुखणं वेगळं, त्यामुळे हा आकडा दरपत्रक म्हणून धरू नका. पण काम संपल्यावर त्यांनी एक चिठ्ठी दिली, ती मी फ्रेम करणार आहे. प्रत्येक स्पीडसमोर मोजलेला खरा स्पीड. एक सेकंदापासून १/१२५ पर्यंत बरोबर. १/२५० प्रत्यक्षात १/२००. १/५०० प्रत्यक्षात १/३५०. खाली लिहिलंय : 'निगेटिव्हला चालेल. ५०० वर फार वापरू नये, स्प्रिंग जुनी आहे.'

मी विचारलं, "५०० दुरुस्त नाही होणार?" म्हणाले, "ओढून ताणून होईल. मग स्प्रिंग तुटेल, आणि ती कुठून आणू?" त्यांनी खाली वाकून एक पत्र्याचा डबा उघडला. त्यात तीन मेलेले याशिका, एक रोलायकॉर्डचा सांगाडा. सुटे भाग म्हणजे एवढेच. एका कॅमेऱ्याचं चाक दुसऱ्यात, दुसऱ्याचा स्क्रू तिसऱ्यात.

तेव्हा चांगला कारागीर ओळखायची खूण माझ्यापुरती हीच. काय होणार नाही ते तो आधी सांगतो. आणि काय केलं ते आकड्यांत सांगतो. 'एकदम नवा करून देतो' म्हणणाऱ्यापासून जरा जपून.

आता नंबर का देत नाही.

मी त्यांना विचारलं होतं. म्हटलं, "काका, माझं पॉडकास्ट आहे, बरीच पोरं ऐकतात, तुमचा नंबर सांगू?" ते म्हणाले, "नको रे. डोळे दोनच आहेत माझे. आठवड्याला दोन कॅमेरे होतात. पन्नास आले तर पन्नास लोकांना नाही म्हणायचं, त्यांच्या शिव्या खायच्या." त्यांचं मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालंय, दुसरं व्हायचंय. भाचा शिकायला आला होता, दोन महिन्यांत मोबाइल रिपेअरिंगला गेला. त्यात पैसा आहे, काकांचा त्याच्यावर राग नाही.

मी म्हटलं, "मग निदान तुम्ही काम करताना व्हिडिओ काढून ठेवतो."

"व्हिडिओ बघूनच तेल घातलंस ना?"

गप्प बसलो.

मग तेच म्हणाले, "बसायला ये पाहिजे तर. एखादं मेलेलं शटर घेऊन ये. हे बघून येत नाही, हात लावून येतं."

तर महिन्यातून एका रविवारी मी आता डोंबिवलीला जातो. जुन्या बाजारातून दोनशे रुपयांना एक मेलेलं शटर घेतलंय. चार महिन्यांत मी ते तीनदा पूर्ण उघडलं आणि दोनदा पूर्ण जोडलं. तिसऱ्या वेळची एक स्प्रिंग अजून त्यांच्या घरात कुठेतरी आहे. मी कारागीर होणार नाहीये, माझा कामधंदा वेगळा आहे. पण आपल्याकडे हे काम येणारी माणसं थोडी उरलीत, आणि त्यांच्या शेजारी कुणी बसलंच नाही तर तुमचा आजोबांचा रोलायकॉर्ड कपाटात छान दिसेल, एवढंच.

म्हणून नंबराऐवजी माझं म्हणणं ऐका. तुमच्या गावात, तालुक्यात जुना स्टुडिओ असेल. 'स्थापना १९६५' वगैरे पाटी असलेला. हल्ली पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स करत असतील. तिथे जा. कॅमेरा बरोबर न्या, तो बघितला की माणसं बोलायला लागतात. विचारा, "तुमचा याशिका बंद पडला की कुणाकडे पाठवायचात?" तो माणूस नसेल तर त्याच्या हाताखाली कोण होतं ते विचारा. नाशिकची डायरी वेगळी असेल, नागपूरची वेगळी, पणजीची वेगळी. आणि जाण्याआधी त्या दोन चाचण्या करून कागदावर लिहा. घरात कायमचा मेलेला कॅमेरा असेल तर भंगारात देऊ नका, अशा एखाद्या कारागिराला द्या. तुमचं भंगार त्याच्याकडे सुट्या भागांचं दुकान आहे.

चालू झाल्यावर महिन्यातून एकदा तरी सगळ्या स्पीडवर रिकामं शटर मारा. ठेवताना शटर चढवून ठेवू नका. चामड्याच्या केसमध्ये नको, चामडं ओल धरतं. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या.

आणि हो, आईचा फोटो.

एका रविवारी सकाळी बाबांनी कॅमेरा घेतला. मी म्हटलं, "फोकस मी करून देऊ?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चहा करायला आत गेलो. आतून बघत होतो. आई बाल्कनीत मेथी निवडत बसली होती. बाबांनी कॅमेरा पोटाशी धरला, वरचं भिंग उघडलं, मान खाली घातली. काचेवर चित्र उलटं दिसतं ना, मी अजून दरवेळी चुकीच्या बाजूला वळतो. बाबा अठरा वर्षांनी एकदाही चुकले नाहीत.

रोल आम्ही घरीच धुतला, डी-७६ मध्ये, न्हाणीघरात, पाण्यात बर्फ घालून तापमान खाली आणत. आई बाहेरून दोनदा म्हणाली, "पाणी वाया घालवू नका." बारापैकी दोन हलले. एकात मेथीच जास्त आहे. बाकी नऊ चांगले, आणि त्यातला एक इतका लख्ख, की तिच्या चष्म्यात बाबा दिसतात, कॅमेऱ्यावर वाकलेले.

आईला दाखवला. तिने बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "सांगायचं तरी होतं, साडी बदलली असती."

तर मंडळी, कपाट उघडा, कॅमेरा काढा. तेल नका घालू. तुमच्या चाचणीचे आकडे मला पाठवा, काय बिघडलंय ते समजून घ्यायला मी नक्की मदत करेन, आणि जिथे मला कळणार नाही तिथे बाबा आहेत. हल्ली ते पेपर बाजूला ठेवून उत्तर देतात.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!